उजनीच्या मधोमध पाणी मिळेना

ताईने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा पहाटे पाचलाच बांधून ठेवला होता. मोहोळ, शेटफळ, मोडनिंब मागे पडलं, टेंभुर्णी ओलांडली आणि भीमानगरजवळ उजनीची भिंत दिसली तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. सोलापूरचा माणूस उजनी धरणाला टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत ओळखतो. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, आणि उन्हाळा लागला की घरोघरी एकच चौकशी, "उजनी मायनसमध्ये गेली का?", म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं का. आमच्या नळाला येणारं पाणीही इथलंच. पण या पाण्यावर दोन दिवस राहायची माझी ही पहिलीच वेळ होती.

बोट दाजींची. मुंबईकडून जुनी घेतलेली, २८ फुटी, केबिनची. आत दोघांना झोपता येतं, शेगडी आहे, फ्रिज आहे, छोटा एसी आहे. मागच्या फळीखाली डिझेल इंजिन आणि त्याला लागूनच छोटा जनरेटर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या कारखान्यांतले जनरेटर बघणं हेच माझं वीस वर्षांचं काम, म्हणून दाजींनी मला आग्रहाने बरोबर घेतलं. जनरेटर सुरू होतो, व्होल्टेज बरोबर देतो आणि आठ-दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो, ही त्यांची तक्रार. एका मेकॅनिकने बॅटरी बदलली, मग व्होल्टेज रेग्युलेटर बदलला. पैसे गेले, दुखणं तसंच राहिलं.

पळसदेवच्या दिशेने वर जायचं, पट्टकादंब आणि जमलं तर रोहित हे पाहुणे पक्षी बघायचे, रात्र बोटीत काढायची, असा बेत होता. निघताना तिघांनीही लाइफ जॅकेट घातली. २१ मे २०२४ ला इथेच, उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये बोट उलटून सहा जण बुडाले, तेव्हापासून आमच्या घरात जॅकेटशिवाय कोणी पाण्यावर जात नाही.

पहिला तास फार सुंदर गेला. पाणी इतकं रुंद की पलीकडचा ऊस नुसती हिरवी रेघ दिसतो. वांगीच्या बाजूला जलपर्णीचे पुंजके तरंगत होते, त्यातल्या दोन-तीनांवरून आम्ही गेलो. थोड्या वेळाने इंजिनाच्या तापमानाचा काटा ८२ अंशांवरून सरकू लागला. ८८, ९१, ९५. दाजींनी वेग कमी केला की काटा खाली, वाढवला की पुन्हा वर. तेवढ्यात जनरेटरही बंद पडला.

कारखान्यातल्या जनरेटरला रेडिएटर असतो, पंखा असतो. इथे दोन्ही नाही. बोटीच्या तळातल्या छिद्रातून धरणाचं पाणी आत येतं, स्ट्रेनरच्या जाळीतून गाळलं जातं, रबरी इम्पेलरचा, म्हणजे पाकळ्यांच्या रबरी चाकाचा पंप ते हीट एक्सचेंजरमध्ये ढकलतो. तिथे इंजिनातला बंद कूलंट त्याला उष्णता देतो. मग हेच पाणी एक्झॉस्टच्या बेंडमध्ये धुरात मिसळतं, त्याला थंड करतं आणि मागून बाहेर फेकलं जातं. म्हणून काट्याच्याही आधी बोटीच्या मागे बघायचं. मी वाकून पाहिलं. भसाभसा पडायला हवं तिथे बारीक धार पडत होती आणि पांढरी वाफ निघत होती.

मग मी दाजींना विचारलं, "काठाला बांधून जनरेटर चालवला होता कधी?"

"मागच्या आठवड्यात दोन तास चालला की. काही झालं नाही."

तिथे गाठ सुटायला लागली. इंजिन बंद असताना दोन तास चालणारा जनरेटर इंजिन चालू असताना दहा मिनिटांत थांबतो, तर बिघाड विजेचा कसा असेल? मी फळी उचलून पाइप हाताने चाचपत गेलो. तळाचं छिद्र एकच, स्ट्रेनर एकच, आणि त्यापुढे टी लावून एक फाटा इंजिनाला, एक जनरेटरला. मोठा पंप ओढायला लागला की धाकट्याच्या वाट्याला पाणी उरत नव्हतं. एक्झॉस्ट तापला की त्याचा सेन्सर जनरेटर बंद करतो, आणि ते योग्यच आहे. पाण्याविना एक्झॉस्टचा रबरी पाइप जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत झोपलेल्या माणसाला कळतही नाही. वायर जोडून तो सेन्सर निकामी करून जनरेटर पळवणारी माणसं मी पाहिली आहेत. हात जोडून सांगतो, तसं करू नका.

नांगर टाकला, इंजिन बंद केलं. चिलापी माशांची जाळी काढणारे एक काका छोट्या होडीतून जवळ आले. मी स्ट्रेनरचं झाकण पुसत होतो. दाजींना थोडा वेळ जनरेटर चालवायला सांगितलं, तर पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे नाचताना दिसले. काकांनी वाकून एकदाच पाहिलं.

"पाव्हणं, मोटार हवा धरतीया. फुटवाल चोंदला आसंल, आन वरनं वायसर बी गेलाय."

फुटवाल म्हणजे पाणी ओढायच्या तोंडाची झडप, वायसर म्हणजे वॉशर. वर्षानुवर्षं नदीवर शेतीच्या मोटारी लावलेला माणूस. दोन्ही गोष्टी तंतोतंत खऱ्या निघाल्या. जनरेटर बंद केला. काकांनी होडीतूनच बोटीखाली हात घातला आणि तळाच्या जाळीवरून जलपर्णीच्या काळ्या मुळांचा गोळा ओढून काढला. केसांच्या गुंत्यासारखा, मुठीत न मावणारा. वाट अडल्यामुळे पंप जिथून मिळेल तिथून ओढत होता, आणि झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं असल्याने तिथून हवा शिरत होती. काकांनी होडीतला ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा दिला. ताईने कात्री दिली. झाकण त्यावर ठेवून पेनने गोल आखलं, कापलं, बसवलं. बुडबुडे थांबले.

जनरेटर आता इंजिनाबरोबर नीट चालला. इंजिनाचा काटा मात्र वेग वाढवला की अजूनही ९० गाठायचा. पंपाचं झाकण उघडलं. इम्पेलरच्या सहा पाकळ्यांपैकी दोन बुडापासून तुटलेल्या. कोरडा पंप फिरला की रबर असंच तुटतं. आधीच्या मालकाच्या डब्यात नवा इम्पेलर मिळाला. साबणाचं पाणी लावून, पाकळ्या फिरण्याच्या दिशेने वाकवून तो बसवला. ग्रीस लावलं नाही, त्याने रबर फुगतं. पण तुटलेल्या पाकळ्या गेल्या कुठे? त्या पाण्याबरोबर पुढेच जाणार. एक पंपापुढच्या पाइपात मिळाली. दुसरी मिळाली नाही.

पळसदेव राहून गेलं. काटा ८५ च्या वर जाऊ न देता सावकाश परत फिरलो. काकांना डब्यातली भाकरी-चटणी दिली, त्यांनी पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी पट्टकादंबांचा मोठा थवा डोक्यावरून गेला. ताई उठून उभी राहिली आणि शेवटचा पक्षी दिसेनासा होईपर्यंत बोलली नाही.

पुढच्या रविवारी बोट ट्रेलरवर चढवून सोलापुरात आणली आणि हीट एक्सचेंजरचं झाकण उघडलं. आतल्या नळ्यांच्या तोंडाशी आपल्याकडच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा चुन्याचा थर होता. तो लिंबूसताच्या पाण्याने दोन दिवसांत सुटला. बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजावा म्हणून लावलेला जस्ताचा कांडा पांढरा पडून निकामी झाला होता. तो खाऱ्या पाण्यासाठी चांगला, उजनीच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लागतो. तो मागवला आहे. आणि तीन नळ्यांच्या तोंडावर आडवी चिकटून बसलेली ती दुसरी पाकळी सापडली.