गाण्याच्या कडेला

ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या, संगीतावरचे चित्रपट शोधून शोधून पाहणाऱ्या आणि महोत्सवाच्या तारखा जाहीर झाल्या की आधी रजेचा अर्ज लिहायला बसणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: या तिन्हींपैकी तुमचे खरे प्रेम कशावर? विचारणाऱ्याजवळ उत्तर बहुधा तयारच असते. समोर बसून ऐकलेले गाणे अस्सल, तबकडी ही त्याची नक्कल आणि चित्रपट म्हणजे त्या नकलेची सजवलेली नक्कल, अशी उतरंड त्याने मनाशी रचलेली असते. मला ती कधीच पटलेली नाही. या तिन्ही ठिकाणी मी ज्याच्या शोधात जातो ते गाण्याच्या मध्यभागी क्वचितच सापडते. ते गाण्याच्या कडेला असते. पहिला स्वर लागण्यापूर्वीची खटपट, शेवटचा स्वर विरल्यानंतरची चुळबूळ, कुणाचे तरी खाकरणे, ध्वनिक्षेपकाची तपासणी, सुईने खाचेत शिरताना केलेला आवाज, या गोष्टींनी मला जितके बांधून ठेवले आहे तितके मोठमोठ्या तानांनीही ठेवलेले नाही. रसिकांच्या सभेत हे बोलून दाखवणे धोक्याचे असते, पण माझा नाइलाज आहे.

तबकडीची कड डोळ्यांना दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एल. पी., म्हणजे लाँग प्ले तबकडी, उजेडात तिरकी धरली की तिच्यावरचे पट्टे उमटून येतात; जोरकस भाग किंचित करडे, शांत भाग गर्द काळे आणि दोन गाण्यांच्या मध्ये चकाकणारी बारीक फट. वास्तविक एका बाजूवर खाच एकच असते, बाहेरून आत वेटोळे घेत गेलेली, आणि सुई तिच्यात नीट उतरावी म्हणून अगदी बाहेर थोडी कोरी खाच सोडलेली असते. या कोऱ्या खाचेत ऐकू येते ती बारीक खरखर, एखाद्या धूलिकणाचा टिक्क असा आवाज आणि कान नीट लावला तर काही तबकड्यांवर पुढे येणाऱ्या गाण्याचा पहिला स्वर, अगदी पुसट. शेजारशेजारच्या फेऱ्यांमधली भिंत इतकी पातळ असते की पुढच्या फेऱ्यातल्या मोठ्या आवाजाने ती किंचित वाकते आणि त्या आवाजाची सावली आधीच्या फेऱ्यावर पडते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. तेव्हा गाणे सुरू होण्याआधी बरोबर १.८ सेकंद त्याची चाहूल लागते. तंत्रज्ञ याला दोष समजतात आणि खाचांमध्ये जास्त अंतर ठेवून तो टाळतात. श्रोत्याला मात्र यामुळे असे एक सुख मिळते जे प्रत्यक्ष मैफलीत कितीही पुढच्या रांगेत बसले तरी मिळणार नाही.

बाजूच्या शेवटाचीही अशीच गंमत आहे. तबकडीच्या बाहेरच्या फेऱ्यात सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर अगदी आतल्या फेऱ्यात जेमतेम २१. फेऱ्याचा वेळ तोच, पण जागा निम्म्याहून कमी, त्यामुळे तीव्र आणि बारीक आवाज दाटीवाटीने बसवावे लागतात व ते भरडल्यासारखे ऐकू येतात. म्हणून निर्माते पुष्कळदा झांजांचा आणि पितळी वाद्यांचा गदारोळ बाहेरच्या कडेला ठेवून हळुवार गाणे आतल्या कडेला ढकलत. बाजूचा शेवट हुरहूर लावणाऱ्या गाण्याने व्हावा यामागे कलावंताची कितीतरी खोल योजना असेल असे मानणाऱ्यांना हे सांगितले की त्यांचा चेहरा पडतो. मला उलट बरे वाटते, कारण भूमितीनेही कधी कधी चांगल्या संपादकाचे काम केले आहे, याचा हा पुरावा आहे.

गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. हा क्रमांक वाचण्यासाठी मी भिंग बाळगतो आणि त्यावरून घरात माझी थट्टा होते. पण तिथेही माणसे भेटतात. जॉर्ज पेकहॅम या इंग्रज तंत्रज्ञाने आपण कोरलेल्या तबकड्यांच्या या पट्ट्यावर ‘अ पोर्की प्राइम कट’ अशी सही करण्याची सवय लावून घेतली होती आणि ती सही असलेल्या प्रती संग्राहक आजही आवर्जून शोधतात. बीटल्सने तर १९६७ साली ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या इंग्लंडमधल्या आवृत्तीत शेवटच्या बंद वेटोळ्यातच बडबडीचा तुकडा भरून ठेवला. ज्यांच्या यंत्राचा हात आपोआप उचलला जात नसे त्यांच्याकडे ही बडबड कुणी उठून थांबवेपर्यंत चालू राही. गाणे संपले की नाही हे ठरवण्याचा अधिकार असा श्रोत्याच्या हाती सोपवलेला मला दुसरीकडे आढळला नाही.

त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांना एवढी चैन परवडत नव्हती. दहा इंची बाजूवर सुमारे तीन मिनिटे, की संपले. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करण्यास आले, तेव्हा गायिका गौहर जान यांनी या तीन मिनिटांत चीज मांडली, फुलवली, आटोपली आणि शेवटी ठणठणीत आवाजात इंग्रजीत आपले नाव सांगितले: माय नेम इज गौहर जान. ही घोषणा मुख्यतः जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यासाठी होती. मूळ मुद्रणे तिकडे जात, तिथे त्यांच्यावरून तबकड्या तयार होत, आणि लेबल लावणाऱ्यांना हा आवाज कुणाचा हे कळण्याची दुसरी सोय नव्हती. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि वेळ संपत आल्याची खूण मिळण्याआधी समेवर यायचे, अशी ती कसरत होती. त्या घोषणेत जो विजयी ताठा आहे, तो मला त्याआधीच्या साऱ्या हरकतींइतकाच प्रिय आहे. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली नोंद शतकाहून अधिक काळ टिकली आणि एका गायिकेचे व्यक्तिचित्र होऊन बसली.

याच्या अगदी उलट गोष्ट पुढे चित्रपटसंगीतात घडली. १९४९ च्या ‘महल’मधले ‘आएगा आनेवाला’ तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून लेबलवर नाव छापले होते कामिनी, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. लता मंगेशकरांचा आवाज घरोघर पोहोचला आणि नाव मात्र मागे राहिले. लेबल हीदेखील गाण्याची कडच. तिच्यावर कुणाला जागा मिळते हे सूर ठरवत नाहीत.

चित्रपटांची ओढ मला याच वाटेने लागली. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारे एखादे कडवे पडद्यावर मात्र असते, ही जुन्या हिंदी गाण्यांच्या शौकिनांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ते जादा कडवे ऐकण्यासाठी सुमार चित्रपट आरंभापासून पाहण्याची शिक्षा आम्ही आनंदाने भोगतो, आणि ते बहुधा बाकीच्या कडव्यांहून कमी प्रतीचे असते हे आपसांतसुद्धा कबूल करत नाही.

मैफलीवरच्या चित्रपटांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांत गाणे कुठून सुरू झाले असे समजायचे हे दिग्दर्शक ठरवतो, आणि चांगल्या दिग्दर्शकाची पारख मी तेवढ्यावरच करतो. जोनाथन डेमी यांच्या १९८४ च्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’मध्ये ‘टॉकिंग हेड्स’ या बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटाच, गिटार आणि कॅसेट वाजवण्याचे यंत्र घेऊन उघड्याबोडक्या रंगमंचावर येतो. मग एकेका गाण्यागणिक एकेक वादक वाढत जातो, कामगार चौथरे ढकलत आणतात आणि मंच आपल्या डोळ्यांदेखत उभा राहतो. एरवी पडद्यामागे उरकले जाणारे काम इथे कार्यक्रमाचाच भाग झाले आहे. प्रेक्षक मात्र जवळजवळ अखेरपर्यंत दाखवलेले नाहीत. डी. ए. पेनेबेकर यांनी १९६७ च्या मॉन्टेरी महोत्सवावरच्या चित्रपटात याच्या नेमके उलट केले. शेवटी रविशंकरांची सतार सुरू होते, पण कॅमेरा बराच वेळ ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरच रेंगाळतो, आणि वादक दिसतात तोवर आपणही त्या गर्दीतले एक झालेलो असतो. दोन्ही युक्त्या मला मान्य आहेत. मान्य नाही ते दर दोन सेकंदांनी कोन बदलणे. त्यात ऐकणाराही दिसत नाही आणि वाजवणाराही.

कड नसली तर काय होते याचा धडा मात्र ‘अमेझिंग ग्रेस’ या चित्रपटाने दिला आहे. जानेवारी १९७२ मध्ये अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिन लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री भक्तिगीते गायल्या. सिडनी पोलॅक यांनी त्याचे चित्रण केले, पण प्रत्येक चित्रणाच्या आरंभी जी पाटी कॅमेऱ्यासमोर आपटायची असते ती आपटलीच गेली नाही. ती पाटी नसली तर कोणत्या दृश्याशी ध्वनीचा कोणता क्षण जुळवायचा याला आधारच उरत नाही. ध्वनिमुद्रण स्वतंत्र होते, त्यामुळे अल्बम त्याच वर्षी निघाला आणि गाजला. तासन्‌तासांचे चित्रण मात्र मुके पडून राहिले. पुढे संगणकाच्या साह्याने ते जुळवले गेले, मग कायद्याचे वाद झाले, आणि चित्रपट लोकांसमोर आला तो २०१८ साली, अरिथा गेल्यानंतर. इतका आवाज, इतका घाम, इतके डोलणारे लोक, आणि सगळे अडले ते लाकडाच्या एका फटक्यावाचून.

आता महोत्सव. तिथे कडा इतक्या असतात की त्यांतून गाणे शोधावे लागते, असे माझ्या घरच्यांचे मत आहे आणि ते अगदीच चुकीचे नाही. दोन कलावंतांच्या मधली वेळ लोक पाय मोकळे करण्यात घालवतात. मी जागा सोडत नाही. तबलजी हातोडी घेतो, गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीवर, खालून-वरून हलके ठोके देतो, वाद्यांमधल्या एका घरातून पुढच्या घरात बोट फिरवत चाट, म्हणजे कातड्याची किनार, तपासतो, वाद्यांखालचा एखादा लाकडी गट्टा सरकवतो आणि इतक्या गोंगाटात त्याला नेमके काय ऐकू येते ते त्याचे त्यालाच माहीत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा नखभर सरकतो आणि बोथट वाटणारी तार एकाएकी बोलू लागते. मोकळ्या मैदानावर संध्याकाळचा गारवा उतरला की हे सगळे पुन्हा करावे लागते, कारण कातडे आणि तार दोघांनाही हवा लागते. घरून वाद्य लावून आणता येत नाही का, असे मागच्या रांगेतून कुणी तरी विचारतेच.

या जुळवाजुळवीला सर्वांत प्रसिद्ध दाद मिळाली ती १ ऑगस्ट १९७१ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. बांगलादेशासाठीच्या त्या मदत-मैफलीत रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी तंबोऱ्यावरच्या कमला चक्रवर्तींसह वाद्ये लावून घेतली आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी आभार मानले आणि तुम्हांला जुळवणे इतके आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे नम्रपणे सांगितले. हा किस्सा नेहमी त्या अजाण श्रोत्यांवर हसण्यासाठी सांगितला जातो. मला ते हसणे जमत नाही. त्या दिवशी एवढ्या मोठ्या सभागृहात वाद्य लागल्याचा आनंद मोकळेपणाने व्यक्त झाला, आणि आपल्याकडे जाणकार म्हणवणारे त्याच वेळी शेजाऱ्याशी गप्पा मारत असतात. ध्वनिमुद्रिकेच्या संपादकांनी तो प्रसंग कापला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अलीकडे जुन्या मैफली नव्याने प्रसिद्ध करताना टाळ्या, खोकले, वाद्ये लावणे हे सर्व साफ करून टाकण्याची हौस वाढली आहे; अशा सोज्ज्वळ आवृत्त्या मी विकत घेत नाही.

शेवटांबद्दल बोलायचे तर पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा शेवट मला विलक्षण वाटतो. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या या महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्याच भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने करण्याची प्रथा आहे. एवढे जिवंत गाणे ऐकून तृप्त झालेला जनसमुदाय अखेरीस एका जुन्या तबकडीतला आवाज ऐकतो. अस्सल आणि नक्कल यांची उतरंड रचणाऱ्यांनी ते पाच मिनिटे तिथे बसून पाहावे. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेच कानी पडत. ध्वनिक्षेपकांवर रात्रीच्या वेळेची बंधने आल्यापासून तो घड्याळाप्रमाणे संपतो. अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाला घड्याळच राहिले नव्हते. तीन दिवसांचा तो महोत्सव लांबत लांबत सोमवारी, १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळवर गेला आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तेव्हा चार लाखांच्या आसपास जमलेल्या गर्दीतले बहुतेक लोक घरच्या वाटेला लागले होते. सोमवारी कामावर जायचे असणाऱ्यांना दोष देता येत नाही.

माझा एक मित्र याच पंथातला आहे. भैरवीचे पहिले स्वर कानी आले की तो किल्ली चाचपू लागतो, कारण नंतर वाहनतळावर कोंडी होते आणि अर्धा तास मोडतो. आमचे राग, घराणी, आवडते दिग्दर्शक, एल. पी. ठेवण्याची पद्धत, सगळे जुळते. एवढ्या एका मुद्द्यावर आमचे कधीच पटले नाही. हल्ली आम्ही महोत्सवाला आपापल्या गाड्यांनी जातो.