काईटसर्फिंग प्रोग्रेस : वेग आता माझ्या टाचेत आलाय

काईटसर्फिंग म्हणजे काईटच्या (मोठ्या पतंगाच्या) ओढीवर पाण्यावरून बोर्ड चालवणं. मागच्या नोंदीत वॉटरस्टार्ट नुकता बसायला लागला होता, म्हणजे पाण्यातून उठून उभं राहता यायचं पण नंतर काईट नेईल तिकडे जायचं, एवढंच. आता दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी लांब राईड होतेय, हवं तिथे थांबता येतंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेग मी ठरवतेय. नव्याने शिकणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहिते कारण उभं राहण्यापर्यंतचं सगळं सगळीकडे वाचायला मिळतं, त्याच्या पुढचं फार कमी.

आधी बारबद्दल, म्हणजे काईटच्या लाईन्स (दोऱ्या) जोडलेल्या हातातल्या दांड्याबद्दल. बार आत ओढला की पॉवर वाढते, बाहेर सोडला की कमी होते, हे पहिल्याच धड्यात सांगतात आणि ते खरंच आहे, त्यातून कंट्रोल म्हणजे बार असं डोक्यात बसतं. पण बोर्ड सपाट ठेवून नुसता बार सोडून बघा, बोर्ड काईटच्या दिशेने डाउनविंड (वारा जातो तिकडे) पळतच राहतो, लाईन्स ढिल्या पडतात, काईट हवेत डगमगतो आणि लाईन्स पुन्हा ताणल्या की असा झटका बसतो की माणूस बोर्डवरून पुढे. खरा ब्रेक बोर्डच्या कडेत आहे. टाचा दाबून वाऱ्याकडची कड पाण्यात रुतवली की लाईन्स ताठ राहतात, काईट विंड विंडोच्या (काईट जिथे उडू शकतो त्या हवेतल्या भागाच्या) कडेकडे सरकतो, तिथे त्याची ओढ मुळातच कमी असते, आणि वेग उतरतो. बार त्याच्या जोडीला, आधी कड आणि मग बार. हा क्रम अंगात मुरला तेव्हापासून गस्टची (वाऱ्याच्या अचानक आलेल्या झोताची) भीती गेली.

गस्ट साधी गोष्ट नाही हेही सांगते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 14 नॉट्सचा वारा 20 झाला तर ऐकायला सहाच नॉट्स वाढले पण ओढ जवळजवळ दुप्पट होते! म्हणून वाऱ्याच्या बाजूला पाण्यावर गडद पट्टा सरकत येताना दिसला की तो पोचायच्या आधीच टाचेवर वजन टाकायचं आणि बार थोडा सोडून ठेवायचा. पट्टा अंगावर आल्यावर करायला गेलं तर उशीर होतो, तोवर आपण कंबरेतून वाकलेले असतो आणि वाकलेल्या माणसाची कड टिकत नाही.

हे कंबरेचं प्रकरण नीट सांगते. खुर्चीत बसल्यासारखी पोझ झाली की संपलं, ढुंगण मागे, छाती पुढे, सगळी ओढ हातात आणि पाठीत. ओढ हार्नेसच्या (कंबरेला बांधलेल्या पट्ट्याच्या) हुकमधून आली पाहिजे, त्यासाठी कंबर पुढे बारकडे ढकलायची, खांदे मागे टाकायचे, पुढचा पाय जवळजवळ सरळ, मागचा गुडघा थोडा वाकलेला. आणि नजर! नजर काईटवर नाही, जिथे जायचंय तिथे, वाऱ्याकडच्या बाजूला लांब कुठेतरी. मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागे कंबर, आणि बोर्ड आपोआप वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढायला लागतो. मी पुढचा हात बारवरून काढून जायच्या दिशेला मागे लांब करते, तेवढ्यानेच धड उघडतं. बार एका हाताने मधोमध हलका धरला तरी पुरतो, उलट त्यामुळे काईटला उगाच हलवलं जात नाही.

काईटला शांत ठेवणं हा वेगळाच विषय आहे. घड्याळाच्या हिशोबाने (बारा म्हणजे बरोबर डोक्यावर) डावीकडे जाताना साडेदहा आणि उजवीकडे जाताना दीडच्या आसपास काईट पार्क केला की बहुतेक काम होतं. फार वर, बाराच्या आकड्याजवळ ठेवला तर तो आपल्याला वर उचलतो आणि कड पाण्यातून सुटते. वारा मध्येच पडला तर मात्र उलट करायचं, कड थोडी सोडून बोर्डला डाउनविंड पळू द्यायचं, वेग आला की काईटला जाणवणारा वारा वाढतो, आणि तरी कमी वाटलं तर काईट वर खाली फिरवायचा. अशा वेळी बार गच्च आत ओढून धरायचा मोह होतो पण त्याने काईट गुदमरतो, स्टॉल होऊन मागे मागे घसरत खाली येतो. बार सोडला की लगेच श्वास घेतो.

थांबण्याचं तंत्र: काईट हळूहळू बाराच्या आकड्याकडे न्यायचा, बार बाहेर, कड धरून ठेवायची आणि वेग गेला की पाण्यात बसायचं. हळूहळू हा शब्द मनापासून घ्या. बार आत ठेवून झपकन वर नेला तर ती उडी होते, थांबणं नाही.

बार सोडला की पॉवर जवळपास निघून जाते ही सोय काईटसर्फिंगला सुरुवातीपासून नव्हती बरं का. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी हवा भरून फुगवायच्या काईटचं पेटंट 1984 मध्ये घेतलं, त्याने पाण्यात पडलेला काईट परत उठवता यायला लागला, पण एवढा डिपॉवर आला तो पुढे 2005 च्या सुमारास बो काईट हा नवा प्रकार आल्यावर. त्याआधी जे शिकले त्यांच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे.

अपविंड, म्हणजे वारा येतो त्या बाजूला वर चढणं, जमतंय का हे बघायला मी एक खूण धरते, पाण्यातला एखादा तरंगता बोया वगैरे, तिथून निघायचं, वळून परत यायचं आणि खुणेच्या वर आलो की खाली ते पाहायचं. उजवा पाय पुढे असताना मी आता वर येते, डावा पुढे असताना बरोबरीत राहते, क्वचित थोडी खाली. किनाऱ्याने बोर्ड काखेत घेऊन चालत परत जाणं जवळपास बंद झालंय आणि त्याचा आनंद शब्दात सांगता येणार नाही!

कंट्रोल आल्यावर गर्दीत नियम पाळणंही जमायला लागतं. ज्याचा उजवा हात पुढे त्याचा रस्ता, समोरच्याने वाट द्यायची. एकमेकांना ओलांडताना वाऱ्याकडचा काईट वर ठेवतो, दुसरा खाली. नियम आधीपासून पाठ होते पण दिशाच हातात नसेल तर वाट देणार कशी, त्यामुळे तोवर मी सगळ्यांपासून लांबच राहायचे आणि नव्यांनी तसंच राहावं असं मला ठाम वाटतं.

पुढचं काम म्हणजे पाण्यात न बसता वळणं. काईट बाराच्या आकड्याला नेऊन, बोर्ड सपाट करून, वेग जवळजवळ संपला की काईटला दुसऱ्या बाजूला खाली डाईव्ह, एवढं कळतंय. माझा काईट दुसरीकडे जरा लवकर जातो आणि बोर्ड अजून जुन्याच दिशेला असतो. उजवीकडून डावीकडे त्यातल्या त्यात बरं होतंय, म्हणून पुढच्या वेळी वारा 15 ते 18 नॉट्स आणि स्थिर मिळाला तर फक्त उलट बाजू घेणार आहे, काईट बाराच्या आकड्यावर आणखी थोडा थांबवून.