आमची वाटचाल: फोर्ट वर्थचे कोरीव पट्टे

टेक्सासात नाताळच्या भेटी शोधणारे काउबॉय-शौकीन फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजारात येतात, तेव्हा त्यातले बरेच आमच्या दुकानात डोकावतात. आम्ही कमरेचे पट्टे, पाकिटं, हॅटबँड (हॅटभोवतीच्या पट्ट्या) करतो. सगळं हाताने कोरलेलं. हे दोन शब्द आधीच लिहितो, कारण याच शब्दांवरून आमचा धंदा बुडायची वेळ आली होती.

मी कोल्हापूरचा. चप्पल-कारागिरांच्या हातातली रापी आणि आरी बघत वाढलो. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा वास मला ओळखीचा. इथे भागीदार मिळाले ते खोगीर करणारे एक मेक्सिकन उस्ताद. त्यांनी मला स्विव्हल नाइफ, म्हणजे चामडं कोरायची फिरती सुरी धरायला शिकवली. तर्जनी वरच्या खोबणीत, अंगठा आणि मधलं बोट दांड्यावर, पातं बोटांत फिरवत वळण घ्यायचं. चामडं आधी ओलं करून मुरू द्यायचं. रंग पुन्हा मूळचा होऊ लागला, पण हाताला गार लागतंय, तेव्हाच कोरायला घ्यायचं. मग ठसे घ्यायचे: बेव्हलरने रेघेची एक बाजू दाबायची, पेअर शेडरने पाकळीला खोली द्यायची. ठशावर कच्च्या चामड्याची मोगरी मारा. लोखंडी हातोडीने ठशाची डोकी पसरतात. पट्ट्याला आम्ही आठ-नऊ औंसांचं, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचं चामडं घेतो. सेंट लुईसच्या हर्मन ओक टॅनरीचं. स्वस्तातलं पुष्कळ मिळतं, पण त्यावर ठसा उठून दिसत नाही.

त्यानंतर आमच्याच गल्लीत एक दुकान उघडलं. त्या माणसाने गिऱ्हाईक बनून आमचे पट्टे नेले, शेरिडन पद्धतीची (वायोमिंगमधल्या शेरिडन गावची फुलावेलींची कोरीव शैली) आमची फुलं रोलरवर उतरवली आणि यंत्राने छापलेले पट्टे निम्म्याहून कमी किमतीत मांडले. पाटी काय, तर ‘हँड टूल्ड’, म्हणजे हाताने कोरलेलं! आमचीच जुनी गिऱ्हाइकं येऊन विचारत, "तुमचं इतकं महाग का?" उस्तादांनी वर्षानुवर्षं कागदावर काढून बसवलेली ती वेल होती. ते चिडून काही बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. आजही लागतं.

त्यात २०२० आलं. पर्यटक बंद, भाडं चालू. उस्ताद पगार न घेता कामावर येत राहिले.

जवळच्या वेदरफर्ड गावच्या एक आजी आहेत, रँचवाल्या. दर नाताळला प्रत्येक नातवंडासाठी नाव कोरलेला पट्टा आमच्याकडूनच नेतात. त्या वर्षी त्या समोरच्या दुकानातला पट्टा विकत घेऊन आल्या, आमच्या काउंटरवर आमच्या पट्ट्याशेजारी ठेवला आणि दुकानातल्या सगळ्यांना म्हणाल्या, "नख फिरवून बघा." कोरलेल्या पट्ट्यात पात्याच्या चिरेत नख अडकतं. छापलेल्यात ते घसरत जातं, आणि तेच फूल ठरावीक अंतराने जसंच्या तसं परत येतं.

१९८५ पासून लास व्हेगासला भरणारी नॅशनल फायनल्स रोडिओ, म्हणजे काउबॉय-स्पर्धांची वर्षाची अंतिम फेरी, कोरोनाच्या निर्बंधांमुळे त्या डिसेंबरात आमच्या शेजारी आर्लिंग्टनला झाली. सोबतचा ‘काउबॉय ख्रिसमस’ बाजार फोर्ट वर्थमध्येच भरला. घोड्यावर आयुष्य काढलेली माणसं आली. त्यांना पाटी वाचून दाखवावी लागत नाही. पट्टा उलटा करून ती मागची बाजू बघतात. आमची थकबाकी त्या महिन्यात फिटली. समोरचं दुकान पुढे बंद झालं, पण त्या छापील वेली अजून बाजारात फिरतात.

भेटवस्तू घेणाऱ्यांना एक सांगतो. बूट आणि हॅट माप माहीत नसताना घेऊ नका. बुटाच्या पावलाची वरची चढण आणि डोक्याचा आकार दोन्ही अंदाजाने जमत नाहीत. वाइल्ड रॅग (गळ्याचा रेशमी रुमाल), बोलो टाय (गळ्यातली दोरीची टाय) किंवा हॅटबँड घ्या. पट्टाच द्यायचा असेल तर त्या माणसाचा रोजचा पट्टा गुपचूप मोजा: पट्टा बकलापाशी जिथे दुमडतो तिथपासून तो वापरतो त्या भोकापर्यंत. पँटवरचा आकडा सांगू नका. आणि नाव कोरून हवं असेल तर ऑक्टोबर संपायच्या आत कळवा, कारण नावं अजूनही उस्ताद स्वतःच कोरतात आणि डिसेंबरात ते कुणाचीही घाई ऐकत नाहीत.