परदेशी माध्यमांचे मॉनिटरिंग, बंद पडलेली इमारत आणि एक फॉर्म : माझा अनुभव

आमच्या कक्षाचे काम परदेशी माध्यमांच्या मॉनिटरिंगचे आहे. रेडिओ-टीव्हीची प्रक्षेपणे, वृत्तसंस्था, सरकारी संकेतस्थळे आणि टेलिग्रामवरच्या वाहिन्या यांच्यावर पाळ्या लावून चोवीस तास लक्ष ठेवायचे आणि महत्त्वाचा मजकूर अनुवाद करून वर पाठवायचा. वीज, पाणी, आग, संप किंवा अन्य कशानेही इमारत बंद ठेवावी लागली तर हे काम कसे चालू राहील, याचा आराखडा करून तो मंजूर करून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आराखडा लवकर लिहून झाला आणि वरिष्ठांची सहीही विनासायास मिळाली. सुरक्षा कक्षाच्या एका फॉर्मपाशी मात्र प्रकरण असे अडकले, की त्याची चीड अजून गेलेली नाही.

आराखड्याचा पाया अगदी साधा होता. नंतर मिळू शकणारे आणि एकदा गेले की कायमचे जाणारे, अशी कामाची विभागणी मी आधी केली. वृत्तपत्रातला लेख दुसऱ्या दिवशीही वाचता येतो, अनुवाद चार तास उशिरा झाला तरी भरून काढता येतो. पण स्थानिक वाहिनीवरचे थेट निवेदन ध्वनिमुद्रित झाले नाही, किंवा एखाद्या मंत्रालयाने टाकलेली पोस्ट तासाभरात काढून टाकली, तर ती परत मिळवण्याचा मार्ग बहुधा नसतो. म्हणून संकटात सर्वांत आधी जगवायचा तो रेकॉर्डर, आणि त्यानंतर माणसांची सोय, असा क्रम मी लावला होता.

सुरक्षा कक्षाचा फॉर्म हा क्रम ओळखतच नव्हता. तो घरून कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये येऊन ईमेल पाहणाऱ्या आणि फाइली उघडणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी बनवलेला होता. ‘आवश्यक संकेतस्थळांची यादी’ या रकान्यात प्रत्येक संकेतस्थळाचा कायमचा पत्ता लिहायचा होता आणि त्याखाली बोटभर जागा होती. आम्ही पाहतो त्या टेलिग्राम वाहिन्यांपैकी कित्येक बंद केल्या जातात आणि नव्या नावाने पुन्हा उगवतात. त्यांचा कायमचा पत्ता कुठून आणायचा? ‘पत्ता वेळोवेळी बदलतो’ असे लिहिले, तर ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा मारून फाइल परत आली. जोडपत्रात सविस्तर यादी दिली, तर अशी यादी बाहेर फुटल्यास आपले लक्ष कुठे आहे हे इतरांना कळेल, म्हणून ती फॉर्मसोबत जोडता येणार नाही, असे कळवण्यात आले. हा आक्षेप चुकीचा नव्हता, हे मी मान्य करतो. प्रक्षेपण सर्वांसाठी खुले असते, पण त्यातले आपण काय पाहतो हे खुले नसते. माझी तक्रार एवढीच आहे, की यादी मागणारे आणि यादी नाकारणारे टेबल एकच होते, आणि तिथे कोणीही यातून मार्ग सुचवला नाही.

दरम्यान प्रशासनाने आमच्या माणसांना अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्या यादीतून वगळले. ‘बातम्या कोणालाही घरी बसून वाचता येतात’ असे कारण टिपणीवर होते. हे वाक्य वाचून मी खरोखर दुखावलो. उत्तरात मी 28 ऑक्टोबर 1962 चा दाखला दिला. क्यूबातली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा निर्णय त्या दिवशी मॉस्को रेडिओवरून जाहीर झाला आणि रेडिओ ऐकणाऱ्यांमुळे तो तत्काळ कळला; दूतावासांमार्फत येणाऱ्या तारा पोहोचायला मात्र कित्येक तास लागत. उत्तर कोरियाचे नेते किम जाँग-इल यांचा मृत्यू 17 डिसेंबर 2011 रोजी झाला, तो जगाला कळला 19 तारखेला, तिथल्या सरकारी टीव्हीवरून. अशा वेळी पाळीवर माणूस हवा, हे पटले आणि नावे यादीत परत आली. उदाहरणे तारखेसह द्या. ‘आमचे काम महत्त्वाचे आहे’ एवढ्याने कोणी हलत नाही.

सुरक्षेची गाठ अखेर सुटली ती मागणीचे दोन तुकडे केल्यावर. घरून पाहणाऱ्याला कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये येण्याची मुळात गरजच नसते. त्याला स्वतंत्र लॅपटॉप द्यायचा, त्यावर फक्त खुला मजकूर पाहायचा, आणि तयार गोषवारा एका ठरावीक मार्गाने आत पाठवायचा. आत यायचे नाही म्हटल्यावर तो फॉर्मच लागू होत नव्हता. पाहण्याची यादी कक्षप्रमुखांच्या ताब्यात मोहोरबंद राहील, असे एक वाक्य टिपणीत घातले आणि मंजुरी मिळाली. त्या दिवशी फार हलके वाटले आणि, खरे सांगायचे तर, अभिमानही वाटला.

आता आठवतील तशा काही गोष्टी सांगतो. वृत्तसंस्थांच्या आणि डेटाबेसच्या वर्गण्या अनेकदा कार्यालयाच्या आयपी पत्त्याला (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाला) बांधलेल्या असतात, त्यामुळे घरून लॉगिन होत नाही. पर्यायी पत्ता नोंदवण्याचे पत्र पुरवठादाराला आधीच द्यावे. ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो हे तपासावे, कारण ते सिमकार्ड बंद इमारतीतल्या खणात असेल तर सगळे अडते. पर्यायी जागेत डिश बसवायची असेल तर तिथून उपग्रह दिसतो का, समोर इमारत किंवा झाड आड येते का, हे प्रत्यक्ष छपरावर जाऊन पाहावे. काही वाहिन्यांचे बीम, म्हणजे उपग्रहावरून येणारे संदेशाचे झोत, ठरावीक प्रदेशापुरतेच असतात, तिथे मोठी डिश लावूनही भागत नाही. नोंदी यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेतच ठेवाव्यात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासाभराने पुढे-मागे करतात आणि इराणने 2022 नंतर ती बदलणे सोडले. विखुरलेल्या पाळीत प्रत्येकाने आपापली स्थानिक वेळ लिहिली, तर कोणते निवेदन आधी आले हेच सांगता येत नाही.

शक्य असेल तर दुसऱ्या संस्थेशी देवाणघेवाणीचा करार करावा. बीबीसीचा मॉनिटरिंग विभाग आणि परदेशी प्रक्षेपणांवर लक्ष ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफबीआयएस यांनी अनेक दशके जगाचे प्रदेश आपसात वाटून घेतले होते, आणि एकमेकांचा मजकूर दोघांनाही मिळत असे. आपला कक्ष बंद असताना निदान एका भाषेचा भार दुसऱ्याने उचलला, तरी उरलेल्यांना श्वास घेता येतो.

सराव शांत दिवशी करावा, पण रात्रीच्या पाळीलाही करावा, कारण त्या वेळी सह्या करणारे अधिकारी आणि तांत्रिक मदत दोन्ही जागेवर नसतात. इमारत बंद झाल्याचे कोणी जाहीर करायचे आणि त्यानंतर कोणी कोणाला फोन करायचा, हे छापील कागदावर प्रत्येकाच्या घरी असावे. मंजुरीपत्रात पर्यायी व्यवस्था सुरू करण्याचा अधिकार थेट पाळीप्रमुखाला दिला आहे ना, हे सही होण्यापूर्वी वाचून घ्यावे. आमच्या पहिल्या मसुद्यात तो अधिकार प्रशासनाकडे होता, आणि ते वाक्य बदलून घेतल्याशिवाय मी फाइल पुढे जाऊ दिली नाही.