पिवळ्या पाटीची वॅगन आर

आई-बाबा पहिल्यांदाच जपानात, हामामात्सूला आले आणि स्टेशनाबाहेर माझी वॅगन आर पाहताच बाबांनी विचारले, "घरची गाडी असताना टॅक्सी कशाला केलीस?" पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी, हा त्यांचा चिंचवडचा हिशेब. इथे ती पाटी 'केई' कारची, म्हणजे सर्वांत लहान वर्गातल्या खासगी गाडीची असते, हे मी त्यांना समजावले. पण खरी पंचाईत पुढेच होती. ते दोघे, आम्ही दोघे आणि लेक असे आम्ही पाच जण, आणि केई गाडीत कायद्याने जागा चौघांचीच. बारा वर्षांखालील तीन मुले दोन मोठ्यांइतकी धरण्याची सवलत इथे आहे, मात्र चार मोठी माणसे बसल्यावर त्या सवलतीचा काही उपयोग उरत नाही. मी मुकाट्याने दोन खेपा केल्या. मारुती ८०० मध्ये आम्ही सात जण जेजुरीला जाऊन आलो होतो, याची आठवण बाबांनी दोन्ही खेपांच्या मध्ये, फाटकापाशी उभे राहून काढली. तेही नियमात बसणारे नव्हतेच, पण तेव्हा तसे कुणाला वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांना सुझुकीचे संग्रहालय दाखवले. (अर्थात बसने.) इथल्या लहान गाड्यांची वाढ कारखान्यापेक्षा सरकारी मोजपट्टीने अधिक ठरवली, हे तिथे फिरताना जाणवते. १९५५ मध्ये सुझुकीची पहिली गाडी सुझुलाइट आली तेव्हा केई वर्गाची इंजिनमर्यादा ३६० सीसी होती. १९७६ मध्ये ती ५५० झाली आणि १९९० मध्ये ६६०. लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर ही आजची मापे १९९८ पासूनची आहेत. मोजपट्टी जितकी सरकली, तितक्याच गाड्या वाढल्या. त्यापुढे जागा हवी म्हणून १९९३ च्या वॅगन आरने छत उंच केले, कारण रुंदीला वाव नव्हता.

बाबा मात्र १९७९ च्या अल्टोपाशी थांबले ते हलेनात. ती गाडी ४ लाख ७० हजार येनला विकली गेली, आणि त्या स्वस्ताईचे मर्म यंत्रापेक्षा करात होते: प्रवासी गाडीवर वस्तूकर होता, मालवाहू गाडीवर नव्हता. म्हणून अल्टोची नोंद मालवाहू म्हणून केली गेली, आणि मागचे आसन जेमतेम ठेवून सामानाला जागा मोठी दिली गेली. प्रवासी म्हणून विकली जाणारी तिची बहीण फ्रॉन्टे, आणि त्याच फ्रॉन्टेवरून १९८३ च्या डिसेंबरात आपली मारुती ८०० आली. जपानात ५५० सीसीच्या चौकटीत अडकलेल्या त्या अंगात आपल्याकडे ७९६ सीसीचे इंजिन बसले, कारण तशी मर्यादा आपल्याला नव्हती. "म्हणजे मोठे इंजिन आपले," असे बाबा म्हणाले, आणि इंजिनही मूळचे सुझुकीचेच होते, हे मी त्यांना सांगितले नाही.

मीही फार प्रामाणिक नाही. पुण्यात असताना शेपूट छाटलेल्या सेडान गाड्यांना मी मनसोक्त हसलो आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सूट मिळाली आणि इंडिगो सीएस, मग डिझायर, अशा गाड्यांच्या डिक्क्या मोजून कापल्या गेल्या. आता इथला सहकारी त्यांचे छायाचित्र पाहून हसला, तेव्हा मी त्याला ऐकवले की तुमच्या देशात तर अख्खा वर्गच मोजपट्टीतून जन्मला आहे. त्याने शांतपणे कोरोलाचे उदाहरण दिले. १९६६ ची पहिली कोरोला १४८५ मिलिमीटर रुंद होती, म्हणजे आजच्या केई मर्यादेहून जेमतेम पाच मिलिमीटर जास्त. २०१९ ची जपानी कोरोला १७४५, म्हणजे लहान गाड्यांच्या १.७ मीटरच्या वर्गाबाहेरची. ती मोठी झाली हे खरे, पण जगात इतरत्र विकली जाणारी तीच गाडी त्याहून रुंद आहे, आणि इथल्या गल्ल्यांसाठी तिला आवळावे लागले, हे त्याने सांगितले नाही. माझ्या मते तीही मोजूनच कापली गेली, फक्त कमी जाहीरपणे.

आईने चिंचवडहून खास माझ्या गाडीसाठी पायपुसण्या आणल्या होत्या, बाबांच्या वॅगन आरच्या मापाच्या. बाबांची गाडी ३६५५ मिलिमीटर लांब आणि १६२० रुंद, माझी ३३९५ आणि १४७५, नाव एकच. पायपुसण्या चारही बाजूंनी वर आल्या. आईने त्या कात्रीने कापायची तयारी दाखवली, पण मी त्या अजून तशाच ठेवल्या आहेत.

पुढची गाडी पाच जणांची घ्यावी, असे मी ठरवले आहे. वॅगन आरच्याच रुंद आवृत्तीतून निघालेली सोलिओ मनात आहे. पांढरी पाटी मिळेल, आणि वर्षाचा कर १०,८०० येनवरून ३०,५०० येनवर जाईल. करासाठी मी थांबलेलो नाही. आमच्या इमारतीतल्या आमच्या जागेवर, जमिनीवरच, पांढऱ्या रंगात 'केई' असे लिहिलेले आहे.