रजा कोणत्या तारखेपासून?

2023 च्या ऑगस्टअखेरीस, डोहाळेजेवण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही नवराबायको भिंतीवरचे कालनिर्णय काढून जमिनीवर पसरून बसलो होतो. डॉक्टरांनी 20 नोव्हेंबर ही तारीख दिली होती आणि चाकणच्या कारखान्यात जाणे मी कोणत्या दिवसापासून थांबवायचे, एवढेच ठरवायचे होते. आईचा कऱ्हाडहून रोज फोन येत होता, "सातवा लागलाय, आता उगाच ताणू नकोस, ये निघून." सासूबाईंचेही तेच मत होते. मला मात्र शक्य तितके उशिरा थांबायचे होते, आणि त्यामागे कामाच्या ओढीपेक्षा एक सरळ हिशेब होता.

तेव्हा 1961 चा मातृत्व लाभ कायदा लागू होता आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळत होती. त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येत होते. म्हणजे मला 25 सप्टेंबरपासून घरी बसता आले असते. पण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या रजेतून वजा होतो, ही गोष्ट कागदावर तारखा लिहिल्याशिवाय डोक्यात नीट उतरत नाही. 25 सप्टेंबरला थांबले तर 25 मार्चला, बाळ जेमतेम चार महिन्यांचे असताना, मला कामावर परतावे लागणार होते. 23 ऑक्टोबरला थांबले तर 22 एप्रिलला. बाळाला पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे असे प्रत्येक डॉक्टर सांगतात आणि 26 आठवडे म्हणजे बरोबर सहा महिनेच; परंतु ते पूर्ण मिळण्यासाठी बाईने थेट प्रसूतीच्या दिवसापर्यंत काम केले पाहिजे. हा पेच प्रत्येक नोकरदार गरोदर बाईच्या वाट्याला येतो आणि तो तिने एकटीने सोडवावा असे गृहीत धरले जाते, याचा मला आजही राग येतो. आम्ही 23 ऑक्टोबरवर खूण केली. छत्तीस आठवडे पूर्ण, दुसऱ्या दिवशी दसरा, आणि मग कऱ्हाड.

त्या खुणेत माझे काम धरलेले नव्हते. मी फायनल इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार मालाच्या शेवटच्या तपासणीला आहे. सरफेस प्लेटसमोर, म्हणजे मोजमापासाठीच्या सपाट पाटासमोर उभे राहून दिवसभर मोजमापे घ्यायची, आणि त्याआधी भोसरीहून कंपनीच्या बसने मोशीमार्गे चाकणला पोहोचायचे. संध्याकाळी तळेगाव चौकातली वाहतूक अडली की तासाचे दोन तास होतात आणि प्रत्येक खड्ड्यागणिक पोटाखाली हात धरून बसावे लागते. सप्टेंबरच्या मध्यात मी बसून करण्याचे काम मागितले. कायद्यानुसार अपेक्षित तारखेच्या दहा आठवडे आधीपासून, बाईने विनंती केल्यास, तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. मला कारखान्यातून उत्तर मिळाले, "मॅडम, एवढं जमत नसेल तर सरळ रजाच घ्या ना." रजा घेणे म्हणजे बाळाच्या वाट्याचे आठवडे खर्च करणे, हे त्यांना सांगूनही समजले नाही. लेखी अर्ज दिला तेव्हा कुठे आठ दिवसांनी स्टूल मिळाले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी सेफ्टी शूज पायात जाईनात. नाड्या पूर्ण सैल केल्या, मोजे काढले, तरी टाच आत बसेना. पावलावर बोट दाबले की खळगा तसाच राहत होता. त्याच संध्याकाळी दवाखान्यात रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की काम आता बंद आणि कऱ्हाडचा प्रवासही नाही. शनिवारी, 7 तारखेला, मी कार्ड पंच करून बाहेर पडले, आणि मंगळवारी आईच भोसरीला येऊन राहिली.

ते दोन आठवडे हातचे गेले असे मी धरून चालले होते. अकाउंट्समधल्या एका ज्येष्ठ ताईंनी फोन करून सांगितले म्हणून कळले, की गरोदरपणामुळे आजार उद्भवला तर वैद्यकीय दाखल्यावर कमाल एक महिन्याची वेगळी भरपगारी रजा याच कायद्यात होती. त्यांच्यामुळे माझी प्रसूती रजा 23 ऑक्टोबरपासूनच धरली गेली. ही माहिती मला आपणहून कोणीही दिली नव्हती. आमच्याच लाइनवरची ठेकेदाराकडची एक मुलगी पाचव्या महिन्यातच काम सोडून गावी गेली. तिच्याकडे ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड होते आणि तिथेही 26 आठवड्यांचा लाभ असतो, हे तिला कोणी सांगितले नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हते, आणि हे मला फार लागते.

मुलगी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी झाली, तारखेच्या अकरा दिवस आधी. 22 एप्रिलला मी परत कामावर गेले तेव्हा ती साडेपाच महिन्यांची होती.

गेल्या महिन्यात पॅकिंगमधली एक जण सहावा महिना लागल्यावर मोबाइलमधले कॅलेंडर उघडून माझ्याकडे आली. तारखा आम्ही मोजल्याच, पण त्याआधी मी तिला विचारले, की ती दिवसाचे किती तास उभी असते, घरून यायला किती वेळ लागतो आणि संध्याकाळी बूट काढताना पाय कसे दिसतात.