मागचे पान नसलेली गाडी

नऊ वर्षे वापरलेली एक छोटी पेट्रोल गाडी मी काही महिन्यांपूर्वी विकत घेतली. मीटरवर ७८,००० किलोमीटर दिसत होते, मालकीची कागदपत्रे चोख होती, पत्रा स्वच्छ होता. मात्र सर्व्हिस बुक नव्हते, एकही बिल नव्हते, आणि विकणाऱ्याकडे चौकशी केली तेव्हा "सगळे वेळच्या वेळी केलेले आहे" एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर खोटेच असेल असे मी म्हणणार नाही, पण त्या वाक्याला तारीख नव्हती, किलोमीटर नव्हते आणि कोणत्या दर्जाचे ऑइल घातले होते याचाही पत्ता नव्हता. जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे' म्हणून एक रक्कम आणावी लागते. या वहीतले मागचे पानच कोणीतरी फाडून नेले होते.

अशा गाडीबद्दल सल्ले दोन टोकांचे मिळतात. काहीजण म्हणतात, बदलता येईल ते सगळे बदलून टाका; काहीजण म्हणतात, चालते आहे तोवर हात लावू नका. मला दोन्ही पटले नाही. मी प्रत्येक भागापुरते दोनच प्रश्न विचारले: उघडून, मोजून किंवा डोळ्यांनी पाहून याची अवस्था कळते का, आणि हा भाग अचानक निकामी झाला तर आपल्याबरोबर आणखी काय घेऊन जाईल? अवस्था कळत असेल तर तपासायचे. कळत नसेल आणि नुकसान मोठे असेल, तर ते काम आजवर झालेलेच नाही असे धरून चालायचे.

सुरुवात टायरपासून केली, कारण टायर आपली जन्मतारीख अंगावर वागवतो. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१८ असे असेल, तर तो २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर तीन वर्षांचे निघाले, मागचे दोन सहा वर्षांचे, आणि स्टेपनी मात्र गाडीच्याच वयाची. तिच्या नक्षीला धूळही लागलेली नव्हती, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या होत्या. नऊ वर्षे नुसते डिकीत पडून राहिल्यानेही रबर म्हातारे होते, ही गोष्ट पुढे टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनातल्या रबरी पट्ट्याच्या, वेळी कामी आली.

मग स्टीअरिंगखालच्या सॉकेटला गाडीने स्वतः नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला. खरे तर तो गाडी घेण्यापूर्वी लावायला हवा होता, आणि ही चूक सर्वस्वी माझी. एकही दोष नोंदलेला नव्हता, पण त्याच स्कॅनरवर गाडीने स्वतःच्या किती चाचण्या पूर्ण केल्या आहेत हेही दिसते, आणि त्यांतील बहुतेक अपूर्ण होत्या. याचा अर्थ एवढाच की नुकतीच कोणीतरी बॅटरी सोडवली होती किंवा जुने दोष पुसले होते. बॅटरीवरची तारीख चार वर्षांपूर्वीची असल्यामुळे ती नवी बसवल्याची शक्यता नव्हती. नऊ-दहा दिवस साधे रोजचे चालवणे झाले, चाचण्या एकेक करून पूर्ण झाल्या आणि एका सकाळी पी ०१२८ हा दोष समोर आला. इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच्याकडे पुढे येतो.

पहिले काम अर्थातच इंजिन ऑइलचे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत टॉर्च मारला, तेव्हा आतल्या धातूवर फिकट तपकिरी थर दिसला, पण काळा चिखल नव्हता; म्हणजे ऑइल अगदीच उपेक्षित राहिले नव्हते. निघालेले ऑइल काळे होते, मात्र नुसत्या काळ्या रंगावरून ऑइल निकामी ठरत नाही, कारण काजळी आणि मळ धरून ठेवणे हेच त्याचे एक काम असते. अडचण वेगळीच निघाली. जुना फिल्टर कसाबसा फिरवून काढला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिले, तर तिथे रबरी कडीच नव्हती. ती इंजिनच्या बाजूला, बसण्याच्या जागेवर चिकटून राहिलेली होती, काळ्यावर काळी, बोट फिरवल्याशिवाय कळू नये अशी. तिच्यावरच नवा फिल्टर बसवला असता, तर एकावर एक दोन कड्या आल्या असत्या, दाबाखाली त्या सरकल्या असत्या आणि सगळे ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर सांडले असते. नखाने ती सोडवली, जागा फडक्याने पुसली, नव्या कडीला बोटाने ऑइल लावले आणि फिल्टर हातानेच घट्ट केला. ड्रेन प्लगचा वायसरही नवा घातला. ऑइलचा दर्जा मॅन्युअलमध्ये सांगितलेला ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडपणाचा आकडा) हाच ठेवला. गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑइल घालावे, हा सल्ला मी सरसकट मानत नाही.

इंजिन फ्लश, म्हणजे विशेष द्रव घालून इंजिन आतून धुणे, मात्र केला नाही. ज्या इंजिनचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, त्याच्या आतला साचलेला थर एकदम सुटला तर ऑइल खेचून घेणाऱ्या जाळीत तो अडकू शकतो. त्यापेक्षा साधे चांगले ऑइल घालून ते २,००० किलोमीटरवर पुन्हा बदलणे मला शहाणपणाचे वाटले.

सर्वांत जास्त वाद टायमिंग बेल्टवरून झाला. माझ्या इंजिनसाठी मॅन्युअलमध्ये ९०,००० किलोमीटर किंवा सहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा दिलेली आहे. हा आकडा इंजिनागणिक बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला उपयोगाचा नाही. मेकॅनिकने मीटरकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, अजून बारा हजार किलोमीटर आरामात निघतील." किलोमीटरच्या हिशेबाने त्याचे बरोबर होते, पण वर्षांच्या हिशेबाने बेल्ट तीन वर्षे आधीच निवृत्त व्हायला हवा होता, आणि तो मध्ये कधी बदलल्याची खूण कुठेही नव्हती. बेल्ट बदलल्यावर अनेक ठिकाणी तारीख आणि किलोमीटर लिहिलेली एक चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवतात. तीही दिसली नाही.

हा बेल्ट पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट आणि झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो: क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. अनेक इंजिनांत पिस्टन आणि उघडे व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, त्यामुळे चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय हा भाग तुटण्यापूर्वी सूचना देईलच असे नाही. वरचे झाकण काढून पाहिले तर बेल्ट दिसायला उत्तम होता, दातही शाबूत होते, आणि मेकॅनिकने माझ्याकडे 'सांगितले नव्हते का' अशा नजरेने पाहिले. मी मागे हटलो नाही. सगळे उघडल्यावर त्याने टेन्शनरची पुली बोटाने फिरवली, तेव्हा ती गुळगुळीत न फिरता वाळू दळल्यासारखी खरखरली. आतले ग्रीस संपलेले होते. शेजारच्या वॉटर पंपाच्या बारीक छिद्राखाली वाळलेल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गुलाबी ओघळ होता; पंप गळू लागल्याची ती खूण. बेल्ट चांगला असला तरी त्याला ताणून धरणारी पुली जाम झाली असती, तर परिणाम तोच झाला असता. बेल्ट, टेन्शनर, दुसरी फिरती पुली आणि वॉटर पंप असे सगळे एकदमच बदलले, कारण मजुरी उघडण्या-जोडण्याची असते आणि ती दोनदा देण्यात अर्थ नाही. ज्यांच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे त्यांना ही चिंता कमी, तरी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड ऐकू येत असेल तर चेनकडेही पाहून घ्यावे.

पंपासाठी कूलंट काढावे लागलेच, तेव्हा त्या पी ०१२८चा निकाल लावला. मोकळ्या रस्त्यावर कूलंटचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास राहत असे आणि गर्दीत उभे राहिल्यावर ८५ अंशांवर जाई; थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप, उघडाच अडकला आहे याचे हे सरळ लक्षण. काढून हातात घेतला तर थंड असतानाही त्याच्या झडपेत फट होती. अशी गाडी तापत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण इंजिन थंड राहिले की पेट्रोल जास्त जळते आणि ऑइलमध्ये उतरलेले पाणी उडून जात नाही. थर्मोस्टॅट बदलला आणि कूलंट व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरले. कूलंटच्या रंगावर विश्वास ठेवू नये. एकाच रंगात वेगवेगळ्या घडणीची द्रव्ये मिळतात आणि ती एकमेकांत मिसळणे बरे नाही.

ब्रेकच्या बाबतीत पॅड आणि डिस्क मोजता येतात, म्हणून मोजल्या. दोन्ही ठीक होत्या. द्रव मात्र पाहून कळत नाही. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे, आणि चुकून खरोखरच खनिज तेल घातले तर आतली रबरे फुगतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ दर्जाच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावा शोषलेल्याचा किमान १५५ अंशांपर्यंत उतरतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर द्रवात वाफ झाली की पेडल पायाखाली रिकामे जाते. दर दोन वर्षांनी तो बदलावा असे बहुतेक उत्पादक सांगतात. माझ्या डबीतला द्रव चहाच्या रंगाचा झालेला होता, म्हणून चारही चाकांकडून स्वच्छ द्रव येईपर्यंत तो काढला.

गिअर ऑइलबद्दल एकच सांगतो: निचऱ्याचा प्लग उघडण्याआधी भरण्याचा प्लग सैल होतो का, हे पाहावे. माझा गंजून बसलेला होता, गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी हलला. आधी ऑइल काढले असते, तर गाडी गिअर ऑइलशिवाय तिथेच उभी राहिली असती. निचऱ्याच्या प्लगमधल्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर होता, तो स्वाभाविक आहे; कपच्या असत्या तर काळजी होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर द्रव्याचा प्रकार अचूक जुळवण्याला पर्याय नाही.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर आणि स्पार्क प्लग ही कामे एका दुपारची. केबिन फिल्टरमध्ये वाळकी पाने आणि उंदराने कुरतडलेल्या कापसाचा गोळा निघाला. बरेच दिवस येत असलेल्या कुबट वासाचा उलगडा झाला. जवळपासच्या वायरी तपासल्या, त्या सुदैवाने शाबूत होत्या.

शॉक अॅब्सॉर्बर आणि खालचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) यांना मी अजून हात लावलेला नाही. त्यांची अवस्था हलवून आणि ऐकून कळते, आणि ते हळूहळू बिघडतात, त्यामुळे ते थांबू शकतात. मागचे टायर आणि स्टेपनी पुढच्या खर्चात धरले आहेत.

प्रत्येक कामाची तारीख, मीटरचा आकडा, घातलेल्या वस्तूचा दर्जा आणि प्रमाण मी एका साध्या वहीत लिहिले असून बिले त्याच वहीला टाचली आहेत. परवा ८०,०४० किलोमीटरवर ऑइल दुसऱ्यांदा काढले. ते पहिल्याइतके काळे नव्हते, आणि या वेळी फिल्टर आपल्या कडीसकट निघाला.